मी पडले नव्हते

प्रिय अंतिओगा,

माझ्या दारातून ऑलिव्हची बी थुंकली तर ती तुझ्या उंबऱ्यावर पडेल, आणि तरी मी तुला पोस्टाने पत्र पाठवतेय. आधी ते खाली शहरात जाईल, शिक्का खाईल, मग टपालाच्या गाडीत बसून तीच वळणं चढून परत वर येईल आणि तुझं दार ठोठावेल. मी मेल्यावर गाव माझ्या ज्या ज्या गोष्टींवर हसेल, त्यात ही पहिली असेल. पण चौदा महिने झाले, तू माझ्याकडे बघत नाहीस, मी तुझ्याकडे बघत नाही. म्हणजे पडद्याआडून दोघीही बघतो, ते सोड. परवा तू निळी चादर उलटी वाळत घातली होतीस.

लिहितेय आपल्या वाचनालयातली रेमेदिया. मी बोलते, ती लिहिते. पोर चांगली आहे, पण मी ‘गाढव’ म्हटलं की ती ‘अविचारी’ लिहायला बघते, म्हणून चार ओळी झाल्या की मी तिला परत वाचायला लावते. तुला हे वाचून दाखवणार तुझी सून, तेही मला ठाऊक आहे, कारण तुझी-माझी विद्या एकच. मास्तरांच्या शेळ्या राखत आपण शाळेच्या खिडकीखाली बसायचो. पाढे ऐकू आले म्हणून पाढे आले. अक्षरं काही ऐकू येत नाहीत, ती राहून गेली. तेव्हा फ्रांझिस्का, बाई, हे तुझ्यासाठी. पुढे तुझ्या मुलाचं नाव येणार आहे. घसा साफ कर, पाणी पी, पण पान गाळू नकोस. पानं सहा आहेत, वर आकडे घातलेत, आणि तुझी सासू आकडे ओळखते.

आधी घरचं सांगते. मनगट जुळलं म्हणतात. डॉक्टरने कागदावर पस्तीस दिवस लिहिले आणि कागदावर ते पस्तीस दिवसांत बरं झालंही. कागदाला भाकरी लाटायची नसते. मला अजून लाटणं धरता येत नाही, बादली उचलता येत नाही, आणि कुणाच्या मुस्काटात द्यायची वेळ आली तर डावा हात वापरावा लागेल, त्याला नेम नाही. आपली पातळ भाकरी मी आता दुकानातून पाकिटात आणते. तुला कल्पना नाही अंतिओगा, तो पुठ्ठा असतो. साठ वर्षं मी लाटायची आणि तू भट्टीच्या तोंडाशी. भाकरी टम्म फुगली की तू ती ओढायचीस, कडेने सुरी फिरवून दोन पापुद्रे वेगळे करायचीस, आणि त्यांचा ढीग लावता लावता अख्ख्या गावाची सालं काढायचीस. मागच्या वर्षी माझी भट्टी मी दोनदा पेटवली. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी शेजारणींना सांगून ठेवलं. एकही आली नाही. पीठ फुगून परातीबाहेर आलं, ते शेवटी डुकरिणीने खाल्लं. ती तेवढी ठाण्यात-बिण्यात कोण गेलं ते बघत नाही.

कारण माझा गुन्हा तोच ना, मी ठाण्यात गेले. दुकानात शिरले की बायकांना एकदम चीजच्या किमती वाचायच्या असतात. पाद्रीबाबा रस्त्यात थांबवून म्हणाले, “गोनारिया, क्षमा हा सगळ्यात मोठा दागिना आहे.” मी म्हटलं, “बाबा, मग तो आधी ज्याने ढकललं त्याला घालायला सांगा, मी विधवा आहे, मला दागिने शोभत नाहीत.”

आता जे झालं ते. अंतिओगा, तुला सांगायची गरज नाही, पण फ्रांझिस्काला सांगते. तिने ते फक्त मुलाच्या तोंडून ऐकलंय, आणि आईला मुलाचं तोंड नेहमी धुतलेलंच दिसतं. मार्च महिना होता, माझ्या वाफ्यात बाकल्याचा घेवडा फुलावर आला होता. झऱ्याकडचा रस्ता पावसाने खचला होता म्हणून तुझ्या नातवाला, बाकिझियोला, आपली गाडी आणि मागून मेंढरं माझ्या वाफ्यातून न्यायची होती. मी फाटकात उभी राहिले, दोन्ही हात पसरून. तो उतरला. “बाजूला हो, आजी.” मी म्हटलं, “खालच्या पुलावरून जा.” तो म्हणाला, “तासभर लागतो.” मी म्हटलं, “लागू दे, तुला घरी तरी कोण विचारतंय.” आणि मग माझी जीभ, तुला माहीत आहे, ती माझ्या आधी बाजारात पोचते. मी म्हटलं, “बघ, तुझी मेंढरं फाटक बघून थांबली. तुझ्यापेक्षा तीच शहाणी. गाडी त्यांना चालवायला दे.” मागे त्याचे दोन दोस्त होते, ते हसले. सव्वीस वर्षांचा घोडा, पण दोस्त हसले की चारचा होतो. त्याने दोन्ही हातांनी माझ्या छातीवर धक्का दिला. मी फाटकाच्या दगडावर गेले आणि हात खाली आला. आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडते तसा. दोस्त मेंढरांच्या मागे पळाले. पुढे ठाण्यातल्या फौजदारबाईने त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, आम्ही कळप बघत होतो. सगळा कळप बघत होता म्हण. जिभेचं मी लपवत नाही. कोर्टातही सांगणार आहे, आधी मी बोलले म्हणून. बोलण्याला बोलण्याने उत्तर द्यायचं होतं. त्या मुलाला जन्मल्यावर पहिलं पाणी मी घातलंय, फ्रांझिस्का, तू तेव्हा बेशुद्ध होतीस. त्याचं डोकं माझ्या याच तळहातात मावत होतं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती, म्हातारी गोनारिया पडली. दगडाला अडखळली. डोळे गेलेत, वय झालंय, एकटीने कशाला जायचं वाफ्यात. चार दिवसांनी मलाच लोक समजावायला लागले की मी कशी पडले. शेवटी सूज उतरेना म्हणून इस्पितळात गेले, तिथल्या पोरीने विचारलं, “आजी, पडलात का?” तेव्हा माझ्याच तोंडात ‘हो’ येऊन बसलं होतं. जिभेवर बसलं होतं अंतिओगा, आणि मला तू आठवलीस.

तुझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. माझ्या सासूच्या भट्टीवर आपण पाच जणी होतो. तू आलीस तेव्हा डावा डोळा जांभळा. सासूने विचारलं, “काय गं झालं?” तू म्हणालीस, “जिन्यावरून पडले.” तुमच्या घराला तेव्हा जिना नव्हता. एका खोलीचं घर, वर कौलं. पाचही जणींना ते माहीत होतं. आणि सगळ्यात आधी मी बोलले, “हो बाई, त्या पायऱ्या फार वाईट.” आणि पीठ लाटत राहिले. पुढे तुझा नवरा पासकाले जिवंत होता तोवर तू किती वेळा पडलीस? मी सात मोजल्या, मग मोजणं सोडलं. इतकं निसरडं गाव मी कुठे पाहिलं नाही, आणि निसरडं तेही फक्त बायकांना. पुरुष दारूने तर्र होऊन घरी येतात, एक पडत नाही. त्या नसलेल्या जिन्याची पहिली पायरी मी बांधली अंतिओगा. हे मी तुला साठ वर्षांत कधी म्हटलं नाही. आता पोस्टाने म्हणतेय, तुझ्या सुनेच्या तोंडून, ही माझी शिक्षा समज.

तर इस्पितळातल्या पोरीला मी म्हटलं, नाही. मी पडले नाही. मला ढकललं. आणि तिथून तशीच, गळ्यात हात अडकवून, ठाण्यात गेले.

ठाण्यावरची नवी फौजदारबाई समुद्रापलीकडची, तुरीनची. पहिल्यांदा म्हणाली, “तुम्ही सार्डिनियाचे लोक तक्रारीला येत नाही, असं मला सांगितलं होतं.” मी म्हटलं, “बरोबर सांगितलं, मी वाट चुकले.” तिने माझी तक्रार लिहिली आणि दोनदा वाचून दाखवली, सावकाश, अंगठ्याच्या आधी. म्हणाली, हा नियम आहे, ज्याला इजा झाली त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगायचं, सगळ्या युरोपात. मी विचारलं, “युरोप म्हणजे मेंढरांच्या कानात पिवळे बिल्ले अडकवायला लावतात तेच ना?” ती म्हणाली, “तेच.” म्हणजे मेंढरं मोजून झाली आणि आता म्हाताऱ्यांकडे वळलेत. उशिरा का होईना.

मग मी विचारलं, खटला कोणाचा? म्हणाली, सरकार विरुद्ध बाकिझियो. मी म्हटलं, “हात सरकारचा मोडला का?” ती हसली नाही, तिला प्रश्न पटला. म्हणाली, जुन्या काळी तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं असतं, हाक मारली की आत जाऊन हात दाखवायचा आणि घरी जायचं, मोडकी खुर्ची पुरावा म्हणून आणतात तसं. आता तसं नाही. आता तुम्ही खटल्यात तुमच्या नावाने उभ्या राहू शकता, तुमचा वकील बसेल, तो प्रश्न विचारेल, निकाल काय लागला ते तुम्हाला कळवावं लागेल. पण एक आहे, ती म्हणाली. असली इजा ही तुमच्या तक्रारीवर चालणारी गोष्ट. तुम्ही तक्रार मागे घेतली की खटला संपला. मी म्हटलं, मी कशाला मागे घेते?

आणि तरी मी ती जवळजवळ घेतलीच होती, माहीत आहे? पहिल्या तारखेला. नोव्हेंबरात. सगळ्या गावाला वाटलं म्हातारी घाबरली. मी घाबरले नव्हते, मी तुझी वाट बघत होते. आपल्या गल्लीची रीत काय? ज्या घराचं दुखलं ते घर उंबरा ओलांडत नाही. दुखवणाऱ्या घरातली सगळ्यात मोठी बाई चालत येते, दार उघडं असतं, ती आत येऊन काय झालं ते नाव घेऊन बोलते, मग कॉफी. मला वाटलं, कोर्टाची तारीख म्हणजे लाज वाटायची तारीख. त्या दिवशी तू येशीलच. सकाळपासून दार सताड उघडं ठेवून बसले. काळा झगा घातला, कॉफीचं भांडं तीनदा गरम केलं. थंडीने पाय गोठले. दुपारी मांजर आत आली, तेवढीच. आणि खाली शहरात त्याच वेळी न्यायाधीशबाई माझी रिकामी खुर्ची बघून विचारत होत्या, तक्रारदार कुठे आहे?

मग आला दुसरा कागद. फौजदारबाई स्वतः घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसून वाचला. पहिल्या कागदात ताकीद नीट लिहिली नव्हती, म्हणून वाचलात, म्हणाली. आता लिहिली आहे. पुढच्या तारखेला बोलावल्यावर कारणाशिवाय आला नाहीत, तर कायदा समजेल की तुम्ही तक्रार मागे घेतली. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. म्हणजे मी घरी बसले तर मी माफ केलं? तोंड न उघडता? “तसंच,” म्हणाली. अंतिओगा, मी आयुष्यात बऱ्याच वेळा घरी बसले. तेवढ्या वेळा मी कोणाकोणाला माफ केलं असेल, देव जाणे.

माझी वकीलबाई फार हुशार, नाकात खडा घालते. तिने दुसरी वाट काढली. म्हणाली, डॉक्टर लिहून देतील की वयामुळे तुमची बुद्धी चालत नाही. असं लिहिलं की तुमच्या येण्या-न येण्याला अर्थ राहत नाही, सरकार आपणहून खटला चालवेल, तुम्ही घरी आराम करा. डॉक्टरने विचारलंही, “आजी, आज वार कोणता?” मी म्हटलं, “बुधवार. आणि तुझ्या वडिलांनी तुझ्या आईला कोणत्या वारी पळवून नेलं तेही सांगू का?” तो म्हणाला, नको, बुद्धी चालतेय. मी वकीलबाईला म्हटलं, पोरी, मला एवढंच कळलं. घरी बसले तर एक तर मी त्याला माफ केलंय, नाही तर मला वेड लागलंय. मी माफ केलेलं नाही आणि मी वेडी नाही. तेव्हा मी जाणार, माझ्या पायांनी. तुरीनहून माझा मुलगाही फोनवर ओरडला, “आई, काय मिळणार तुला त्यातून?” त्याला वाटतं मला बाकिझियोला तुरुंगात बघायचंय. छे गं. त्याला तुरुंगात घालून मेंढरं कोण बघणार, फ्रांझिस्का? मला एक ओळ हवी आहे. कोर्टाच्या कागदावर, शिक्क्याखाली. गोनारिया पडली नव्हती, तिला ढकललं होतं. मला ती वाचता येणार नाही, हे मला कळतं, रेमेदिया, तोंड वाकडं करू नकोस. पण ती तिथे असेल. उद्या गावातली कुठलीही पोर सुजलेला डोळा घेऊन भट्टीवर आली आणि कुणी म्हणालं, पडली असेल, तर कुणीतरी म्हणेल, गोनारियापण पडली होती म्हणे, आणि मग निघालं काय ते बघा.

आता खरं ते. त्या दिवशी तूही तिथे होतीस. हे मी ठाण्यात सांगितलं नाही, तू आपणहून सांगशील म्हणून थांबले. तू वाफ्याच्या बांधावर बसून मांडीवर रानभाजी निवडत होतीस, माझ्यापासून दहा पावलांवर. मी खाली गेले तेव्हा सगळ्यात आधी तू धावलीस. डोक्याचा रुमाल सोडून माझं मनगट बांधलंस, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, “पडलीस गं, पडलीस, काही नाही, पडलीस.” मी तुझ्याकडे बघत होते आणि तू त्याच्याकडे बघत होतीस. पहिल्यांदा ते तूच म्हणालीस अंतिओगा. गावाने तुझ्याकडून घेतलं.

मी तुला साक्षीला ओढत नाही. फौजदारबाईने सांगितलंय, नातवाविरुद्ध बोल म्हणून आजीवर कायदा जबरदस्ती करत नाही, तिला गप्प राहायची मुभा आहे. चांगला कायदा आहे, कोणीतरी म्हातारीनेच सुचवला असेल. तर गप्प राहा. पण तू गप्प नाहीस ना. दुकानात, देवळात, नळावर तू सांगतेस, मी स्वतः पाहिलं, ती पडली. गप्प राहायची मुभा आहे बाई, माझा जिना बांधायची नाही.

आणि पत्र लिहायचं कारण. रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी तुझा निरोप आणला. चौदा महिन्यांनी. तू येतेस म्हणालीस, जुन्या रीतीने, बदामाच्या वड्या घेऊन, माझ्या दारी, सगळ्या गल्लीसमोर. फक्त मी त्या दिवशी घरी असावं, दार उघडं असावं. गुरुवारी, सकाळी दहाला. ऐकून मी आधी रडले, खोटं कशाला बोलू. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर फौजदारबाईने माझ्यासाठी काढलेला लाल गोल दिसला. कोर्टाची तारीख, गुरुवार, सकाळी दहा. हा दिवस तू निवडलास की तुमच्या वकिलाने तुला सांगितला, हे मी विचारणार नाही. विचारलं तर तू खरं सांगशील आणि आपल्या दोघींनाही आता तेवढं झेपणार नाही. तर ऐक. गुरुवारी माझं दार बंद असेल, सातच्या बसने मी गेलेली असेन. वड्या आणल्यास तर त्या मांजर खाईल. शुक्रवारी ये. शनिवारी ये, पुढच्या महिन्यात ये, दार उघडं ठेवते, आणि आत येऊन जे पाहिलंस ते नाव घेऊन बोल. माफ करायचं की नाही ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवीन. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते कुणी ठरवायचं नाही.

तुझीच, पण गुरुवारी माझी स्वतःची,
गोनारिया